गुरुवारचं ऊन

आमच्या ऑफिसचा संसार दोन शब्दांवर चालतो. बहुधा आणि हमखास.

एखाद्या छतावर सौर पॅनल बसवले तर वर्षाकाठी किती वीज होईल, याचे आम्ही दोन आकडे काढतो. चांगली-वाईट वर्षं सगळी सारखी धरून जो निघतो तो बहुधा. आणि दहापैकी नऊ वर्षं वीज ज्याच्या खाली उतरणार नाही, तो हमखास. गिऱ्हाइकाला पहिला आवडतो. बँक मात्र दुसराच बघते. आमचे साहेब म्हणतात, "बहुधावर लग्नं ठरतात, कर्जं नाही."

ऑफिसात माणसं तीनच. एक साहेब. त्यांना साहेब म्हणायचं ते त्यांना बरं वाटावं म्हणून, एरवी सगळ्यांचा चहा तेच करतात, कारण आमच्या हातचा त्यांच्या घशाखाली उतरत नाही. दुसरा शिडीदादा. सव्वासहा फूट उंच, छतांवर चढणं, मापं घेणं, यंत्रं लावणं हे सगळं त्याचं. आणि तिसरी मी, आकडेवाली.

धुलाईघराचं काम आलं तेव्हा ढमी चार महिन्यांची होती. ढमी म्हणजे माझी मुलगी. कागदावर तिचं नाव बरंच भारदस्त आहे, पण गालांकडे बघून ते कुणाला आठवत नाही. साहेब म्हणाले, "तू घरूनच आकडे कर. छतावर जायला शिडी आहेच की आपल्याकडे." म्हणून त्या छतावर मी गेलेच नव्हते. फक्त मालकीणबाईंशी फोनवर बोलले होते.

हे धुलाईघर दोन हॉस्पिटलांचे कपडे धुतं. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, जेवणाच्या ट्रेवर घालायचे रुमाल. सगळं संध्याकाळी पाचच्या आत धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत गेलं पाहिजे. धुवायची मशीनं अवाढव्य, वीज पिणारी. दिवसाची वीज परवडत नाही, पहाटे चार ते आठ ती निम्म्या दरात मिळते. म्हणून धुलाई पहाटे चारला सुरू. चौदा बायका कामाला, त्यातल्या नऊ जणींची पोरं शाळेत जाणारी.

"मला बिल वाचवायचंय असं समजू नका," मालकीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या. "म्हणजे वाचलं तर मी काही नको म्हणणार नाही. पण मला पाळी आठची करायचीय. गेल्या वर्षी दोन चांगल्या बायका सोडून गेल्या. एक म्हणाली, बाई, सकाळचं माझं पोरगं मला फक्त झोपलेलं माहितीये. यावर काय उत्तर द्यायचं?"

त्या वेळी ढमी माझ्या खांद्यावर होती. मी तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. हे काम मनात बसलं.

दिवसाची वीज छतावरच तयार झाली तर दिवसा धुता येईल, एवढं साधं गणित. एकशेवीस पॅनल लागणार होते. बँकेत लहान उद्योगांसाठी कमी व्याजाची एक योजना होती. तिची अट अशी, की नुसते उपग्रहाचे आकडे चालणार नाहीत, कारण त्या भागात कारखान्यांचा धूर फार. छतावर प्रत्यक्ष आठ आठवडे ऊन मोजा आणि मग हमखास आकडा द्या.

ऊन मोजायचं यंत्र दिसायला काही नसतं. खाली पांढरी तबकडी, वर टेबल टेनिसच्या अर्ध्या चेंडूएवढी काचेची टोपी. शिडीदादाने ते छताच्या मधोमध बसवलं. दर सोमवारी सकाळी नऊला जाऊन तो नोंदी उतरवून आणायचा आणि मला पाठवायचा.

आठ आठवडे संपले तेव्हा मी मांडीवर ढमी आणि ढमीवरून पलीकडे कीबोर्ड, असं बसून सगळ्या नोंदींची तासागणिक सरासरी काढली. सकाळ उत्तम, संध्याकाळही उत्तम. पण बारा ते तीन, ज्या वेळात ऊन ऐन भरात असायला हवं, तिथे हा मोठा खड्डा. जसं काही डोंगराचं शिखरच कुणी कापून नेलंय.

मी शिडीदादाला फोन केला. "दादा, दुपारी छतावर कशाची सावली पडते का?"

"मी असतो सकाळी नऊला. पण शेजारी उंच इमारत आहे खरी."

"मग तीच असणार."

ढमी रडायला लागली होती. मी अहवालात लिहिलं, 'दुपारी शेजारच्या इमारतीची सावली', आणि अहवाल पाठवून दिला.

हमखास आकडा अर्थातच पडला. बँकेचं पत्र दोन ओळींचं आलं. अपेक्षित वीजनिर्मिती अपुरी, सबब प्रकल्प कर्जास पात्र नाही. योजनेची मुदत संपायला तेव्हा अजून अठरा दिवस होते.

मालकीणबाईंना मीच कळवलं. मला वाटलं होतं चिडतील. पण त्या म्हणाल्या, "ठीक आहे. आमच्या नशिबात ऊन नाही म्हणायचं. तुम्ही कष्ट घेतलेत, बाळ लहान असताना."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढमी झोपली. तिची झोप म्हणजे पाऊण तास, त्यात मी एरवी अंघोळ तरी करते नाहीतर जेवते तरी. त्या दिवशी दोन्ही सोडलं आणि सरासरी बाजूला ठेवून एकेक दिवस उघडून बघत बसले. छप्पन दिवसांचे छप्पन आलेख. स्वच्छ दिवसाचा उन्हाचा आलेख फार देखणा असतो, सकाळपासून हळूहळू चढत दुपारी गोल होऊन पुन्हा उतरणारा. इथे प्रत्येकाचा माथा खाल्लेला. सोमवार खाल्लेला, मंगळवार खाल्लेला, बुधवारही तसाच. आणि मग एक अख्खा. गोल, गुबगुबीत, न उष्टावलेला.

तारीख बघितली. गुरुवार.

पुढचा आठवडा उघडला. गुरुवार अख्खा. त्याच्या पुढचाही. मी पटापट गुरुवारच उघडत गेले. आठ गुरुवार, आठही अख्खे.

"दादा," मी फोनवर कुजबुजले, कारण ढमी शेजारीच होती, "शेजारची इमारत गुरुवारी कुठे जाते?"

"आं?"

"गुरुवारी तिची सावली पडत नाही."

 शिडीदादा फार मायेने म्हणाला, "ताई, झोप झाली का तुमची?"

झोप झाली नव्हती, पण डोकं लख्ख जागं होतं. सावलीला साप्ताहिक सुट्टी नसते. सुट्टी माणसांना असते. आणि धुलाईघराची सुट्टी गुरुवारी. शिवाय भर दुपारी सावली आपापल्या पायाखाली असते, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी मात्र अहवालात सही करून उलटं लिहून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना डोळे तपासायला जायचं होतं, त्यामुळे ढमीला ठेवायला कुणी नव्हतं. मी तिला झोळीत घालून पोटाशी बांधलं आणि धुलाईघर गाठलं.

आत शिरताच साबणाचा आणि गरम कापडाचा वास. गॅसवरची वाळवायची मशीनं गुरगुरत होती. मालकीणबाई हॉस्पिटलात गेल्या होत्या. दारातल्या बाईने जिना दाखवला आणि म्हणाली, "जपून, चौथी पायरी हलते." मी वर गेले. छत लांबच लांब, स्वच्छ झाडलेलं. शेजारची इमारत होती, उंचही होती. फक्त ती उत्तरेच्या बाजूला होती, जिथून या छतावर दुपारची सावली पडणंच शक्य नव्हतं.

पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ढमीला घेऊन बसले. बारा वाजले. खाली मशीनं थांबली आणि जिन्यावर पावलं वाजली.

एक बाई वर आल्या. साठीच्या आसपास, बारीक, पाठ ताठ. एका हातात डबा, दुसऱ्या हातात घडी केलेला पांढराशुभ्र रुमाल. आमच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. सरळ यंत्रापाशी गेल्या, डबा खाली ठेवला, रुमाल झटकला आणि काचेच्या टोपीवर पसरला. चार कोपरे ओढून सारखे केले. कनवटीचे चार चिमटे काढून चारही बाजूंनी लावले. मग रुमालावरून एकदा हात फिरवला, झोपलेल्या पोराच्या अंगावरून फिरवावा तसा.

मी तोंडावर हात धरला. ढमी मात्र "आऽ" म्हणाली.

"अगं बाई!" त्या दचकल्या. "ही कोण? आणि एवढंसं लेकरू घेऊन इथे तापत काय बसलीस? टोपडं कुठाय हिचं?" मी काही म्हणायच्या आत कमरेचा दुसरा रुमाल निघाला आणि ढमीच्या डोक्यावर बसला. "बघ कसे गाल लाल झालेत. हल्लीच्या मुलींना सांगायचं तरी किती!"

"मावशी," मी म्हटलं, "ते काय झाकलंत?"

"ती काच होय? तू ऑफिसची का? तो उंच माणूस लावून गेलाय. मला म्हणाला, मावशी, फार नाजूक आहे, फार महाग आहे, जपा. मी इथेच जेवते रोज, वारा असतो म्हणून. एकदा सहज हात लावला तर हा चटका! म्हटलं, तडकली म्हणजे? मग येताना रुमाल आणते. रद्दीतला हो, हॉस्पिटलचा चांगला नाही. जेवून जरा पाठ टेकते आणि तीनला इस्त्रीवर जाताना काढून घेते, तोवर ऊन उतरतं."

"रोज?"

"रोज. एक गुरुवार सोडून, गुरुवारी सुट्टी ना. पण खरं सांगू? गुरुवारी घरी बसून जीव लागून राहतो. वाटतं, एकटीच तापत असेल बिचारी."

मला हसूही येईना आणि रडूही. शिडीदादाने सांगितलं होतं 'जपा'. आणि ज्या बाईने बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरींवर एक सुरकुती पडू दिली नाही, तिने जपलं.

"काही चुकलं का माझं?" मावशींचा आवाज उतरला. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काहीतरी कळलं असावं.

सांगावं की नाही, याचा मी विचार केला. मग वाटलं, यांना खोटं सांगितलं तर बँकेला खरं कसं सांगणार?

"मावशी, ते यंत्र ऊन मोजतं."

त्या रुमालाकडे बघत उभ्या राहिल्या. मग सावकाश एकेक चिमटा काढला, रुमाल उचलला, सवयीने त्याची घडी घातली.

"म्हणजे मी उन्हावरच पांघरूण घातलं. आणि बाई परवा म्हणाल्या, ऊन कमी पडलं, आठची पाळी होत नाही... ते यामुळे?"

"ते माझ्यामुळे. तुम्ही झाकलंत ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बघायला यायचं काम माझं होतं, मी आले नाही."

 त्या दिवशी मावशींनी डबा उघडला नाही. ढमीला मात्र माझ्याकडून घेतलं आणि मी नोंदी उतरवेपर्यंत टाकीच्या सावलीत तिच्याशी काहीबाही बोलत बसल्या.

मालकीणबाई परत आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मावशींकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. शेवटी म्हणाल्या, "मावशी, जेवून घ्या आधी." मग माझ्याकडे वळून, "आता पुढे काय?"

पुढे काय, हाच प्रश्न ऑफिसात साहेबांनी विचारला आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "लिहून टाकू, यंत्रात तांत्रिक बिघाड."

"यंत्र ठणठणीत आहे."

"मग काय लिहिणार? रुमाल?"

"हो. रुमाल."

"अगं, बँक आहे ती! बँकेच्या कागदावर रुमाल?" साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "हसतील."

"हसू देत. साहेब, बिघाड म्हटलं तर आठ आठवड्यांचं सगळं मोजमाप रद्द. पुन्हा आठ आठवडे मोजायला मुदत कुठाय? रुमाल म्हटलं तर सकाळ खरी, संध्याकाळ खरी, गुरुवार खरे. खोटे ठरतात ते फक्त तीन तास."

शिडीदादा कोपऱ्यात दोरी गुंडाळत होता. म्हणाला, "माझंही लिहा. 'जपा' मीच म्हणालो होतो. 'झाकू नका' म्हणायला हवं होतं."

"तू गप," साहेब म्हणाले. "तुला कोण विचारतंय?" पण मग कप उचलून थंड चहा संपवला आणि म्हणाले, "लिही. पण सावलीचं वाक्य गाळ."

"ते तर पहिलं. न बघता लिहिलं, असं लिहिणार आहे. तेच विचारतील ते."

त्यानंतरचे दहा दिवस यंत्र उघडं राहिलं. त्यातले चार दिवस मी आणि मावशींनी मिळून दुपारी अर्धा तास रुमाल घातला, अर्धा तास काढला, म्हणजे त्यातून किती ऊन आत जातं ते कळावं. जात होतं शंभरातलं चाळीस. मावशी रुमाल काढताना दर वेळी तोंड फिरवायच्या. "सवय गं," म्हणायच्या, "उघडं बघवत नाही."

मुदतीला पाच दिवस उरले असताना मी नवा अहवाल घेऊन बँकेत गेले. तिथल्या तपासनीसांचा चष्मा नाकाच्या पार शेंड्यावर असायचा. त्यांनी अहवाल पहिल्या पानापासून वाचायला घेतला. चेहऱ्यावर काही नाही. मी त्यांच्या टेबलावरच्या पेन्सिली मोजत... म्हणजे एकच होती, तीच पुन्हा पुन्हा बघत बसले.

"कर्ज नाकारल्यावर आकडा वाढून आलेला यंदाचा हा सहावा अहवाल," ते म्हणाले. "एकाचे ढग गेले. एकाने झाड तोडलं. नापास झालेला पेपर पुन्हा तपासायला दिला की मार्क वाढतातच." पान उलटलं. "रुमाल मात्र पहिलाच."

"सुती आहे," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

"ते पान सातवर आहे." त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. मग ते म्हणाले, "मी उद्या बारा वाजता येतो. छतावर."

दुसऱ्या दिवशी छतावर आम्ही सगळे. मालकीणबाई, साहेब, शिडीदादा, मी, आणि मावशी, धुतलेल्या साडीत, परीक्षेला बसल्यासारख्या. तपासनीस छताच्या चारही कडांना जाऊन आले, इमारतीकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं, यंत्रापाशी उकिडवे बसले. मग फाइल उघडली.

"तुम्ही आठ दिवस अख्खे दाखवलेत," मला म्हणाले. "सगळे गुरुवार. मी सगळे आलेख बघितले. अख्खे दिवस नऊ आहेत."

मी माझ्या प्रतीची पानं उलटायला लागले.

"पाचव्या आठवड्यातला मंगळवार. गुरुवार नाही, सुट्टी नाही. तरी त्या दुपारी यंत्र उघडं. तुमची गोष्ट खरी, तर मग त्या दिवशी रुमाल कुठे गेला?"

मी फाइलवर वाकले. तो मंगळवार होता खरा. गोल, अख्खा. गुरुवार सापडले म्हटल्यावर मी पुढे बघणंच थांबवलं होतं. पहिल्यांदा जे केलं तेच पुन्हा. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मालकीणबाईंनी पदर बोटाला गुंडाळला. 

"पाचवा आठवडा?" मावशी म्हणाल्या. "तारीख काय म्हणायची?"

तपासनिसांनी तारीख सांगितली.

"त्या दिवशी मी आलेच नव्हते," मावशी म्हणाल्या. "पहाटे माझ्या लेकीला कळा सुरू झाल्या ना. मुलगी झाली तिला. बाईंना फोन केला होता मी. हो ना हो बाई?"

मालकीणबाई जिन्याकडे धावल्या. धावल्या म्हणजे खरंच धावल्या, चौथ्या पायरीचा आवाज वरपर्यंत आला. हजेरीचं पुस्तक घेऊन आल्या, धापा टाकत पान काढलं आणि तपासनिसांच्या हातात दिलं. त्या तारखेसमोर, मावशींच्या नावापुढे, लाल शाईत गैरहजर. आणि बाजूला बारीक अक्षरात मालकीणबाईंनी कधीतरी लिहून ठेवलेलं: नात.

तपासनिसांनी ते पान बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढून पुसला.

"मोजमापात एक माणूस होता," ते म्हणाले, "तो तुम्ही लिहिलात ते बरं केलंत." मग मावशींना म्हणाले, "कशी आहे नात?"

"गोरीगोमटी आहे," मावशी म्हणाल्या, "पण झोपत नाही हो अजिबात."

"कुणावर गेली असेल," शिडीदादा पुटपुटला.

मंजुरीचं पत्र मुदतीच्या आदल्या दिवशी आलं. एकशेवीस नाही, ऐंशी पॅनलचं. भर दुपारचे स्वच्छ दिवस मोजके, म्हणून हमखास आकड्याला त्यांनी कात्री लावली होती. वर्षभर मोजा, मग उरलेल्या चाळिसांचं बघू, असं शेवटच्या ओळीत होतं. साहेबांना ते अन्यायाचं वाटलं. मला नाही वाटलं. मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं.

ऐंशी पॅनलांवर तीनपैकी दोन मशीनं दिवसा चालणार. तिसरं पहाटेच. मालकीणबाईंनी चौदा जणींना एकत्र बसवून सांगितलं, दर आठवड्याला चौघी चारला येतील, बाकीच्या आठला, आळीपाळीने. एकजण म्हणाली, पोरं नसलेल्यांनाच चारची द्या ना. दुसरी म्हणाली, पोरं नाहीत म्हणून काय आम्हाला झोप नाही? थोडी खडाखडी झाली. मावशी म्हणाल्या, मला कायमची चारची लावा, मला कुठे झोप येते. मालकीणबाई म्हणाल्या, "चारला येऊन काय कराल? इस्त्रीला कपडे तर सुकायला हवेत." सगळ्या हसल्या आणि आळीपाळी ठरली.

पॅनल बसायला दोन महिने लागले. सुरू व्हायच्या दिवशी मी ढमीला घेऊन गेले. ती आता बसायला लागली होती, झोळीतून मान काढून सगळं बघत होती. आठला दहा मिनिटं कमी होती. एरवी या वेळेला या गल्लीत कुणी बाई दिसत नसे, सगळ्या आत, मशीनांपाशी. आज त्या एकेक येत होत्या, उन्हात, जराशा बावरलेल्या, डोळे बारीक करून, जसं काही रस्ता चुकून दुसऱ्याच कामावर आल्यात.

मशीनवर काम करणाऱ्या एकीबरोबर तिची मुलगी होती, सातेक वर्षांची, पाठीला दप्तर. शाळा पुढच्या वळणावर, आईला सोडून ती तशीच पुढे जाणार होती. आई आत गेली. मुलगी ढमीला बघायला थांबली.

तिच्या दोन वेण्या दोन उंचीवर होत्या. भांग कपाळापासून निघून मागे कुठेतरी भलतीकडेच गेला होता.

"कुणी घातल्या गं वेण्या?" मी विचारलं.

"आईने." तिने हात मागे नेऊन एक वेणी चाचपली. "रोज बाबा घालायचे. आईला येत नाही नीट. खूप ओढते."

"दुखतं का?"

"हो," ती म्हणाली, आणि मला दुसरीही दिसावी म्हणून मान वळवून उभी राहिली.